कायरोप्रॅक्टरकडे जाण्याआधी मणक्याचा एक्स-रे: कधी काढायचा, कधी नाही आणि कोणत्या क्रमाने

एक्स-रे सेंटरच्या खिडकीवर हल्ली वारंवार ऐकू येणारं वाक्य म्हणजे, "उद्या कायरोप्रॅक्टरची अपॉइंटमेंट आहे, मणक्याचा फोटो काढून द्या." चिठ्ठी नसते. कुठला मणका विचारलं की उत्तर येतं, "सगळेच काढा, एकदाच काय ते कळू दे." आणि ज्यांचा फोटो खरोखर आधी निघायला हवा, म्हणजे सत्तरीच्या, दम्यासाठी वर्षानुवर्षं स्टिरॉइडच्या गोळ्या घेणाऱ्या आजी, त्या मोबाइलवर रील बघून थेट कायरोप्रॅक्टरच्या, म्हणजे हाताने मणक्यांना झटके देऊन पाठ-मानदुखीवर उपचार करणाऱ्याच्या, टेबलावर जाऊन झोपतात. दोन्हीकडे चुकतो तो क्रम.

एक्स-रेचं इथलं काम मर्यादित आहे. या पाठीला झटका देणं सुरक्षित आहे का, हाडात असं काही आहे का की हात लावूच नये, एवढं तो सांगू शकतो. दुखतंय कशामुळे हे बहुतेक वेळा सांगू शकत नाही. गादी, नस, स्नायू, रक्तवाहिनी यांतलं काहीही साध्या फोटोत दिसत नाही. गादीच्या जागी दिसते ती दोन मणक्यांमधली रिकामी फट.

## पायरी १: समोरचा कोण आहे ते पाहा

अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया इथे कायरोप्रॅक्टरला नोंदणी किंवा परवाना लागतो. ब्रिटनमध्ये तर जनरल कायरोप्रॅक्टिक कौन्सिलच्या नोंदणीशिवाय स्वतःला कायरोप्रॅक्टर म्हणवणं हाच गुन्हा आहे. आपल्याकडे अशी स्वतंत्र कौन्सिल नाही. त्यामुळे एकाच पाटीखाली परदेशातून पूर्ण पदवी घेतलेला माणूस भेटू शकतो, मॅनिप्युलेशन (हाताने झटका देण्याची पद्धत) शिकलेला फिजिओथेरपिस्ट भेटू शकतो, आणि चार दिवसांचा कोर्स करून आलेला उत्साही गृहस्थही भेटू शकतो.

फोनवरच तीन गोष्टी विचारा. शिक्षण काय आणि कुठून, पहिल्या भेटीत अंगाची तपासणी करता का, आणि फोटो काढला तर रेडिओलॉजिस्टचा रिपोर्ट वाचता का.

थांबा: तुम्हाला पाहण्याआधीच "एक्स-रे आणि दहा सेशनचं पॅकेज" ऐकू आलं, तर त्या फोटोचा तुमच्या पाठीशी फारसा संबंध नाही.

## पायरी २: धोक्याच्या खुणा घरीच तपासा

हीच पायरी सगळ्यात जास्त लोक गाळतात. कागद घ्या आणि खालच्या तीन गटांपैकी आपण कुठे बसतो ते ठरवा.

पहिला गट: एक्स-रे नको, कायरोप्रॅक्टर नको, सरळ हॉस्पिटल. लघवी अडकली आहे किंवा नकळत होते, शौचावरचा ताबा गेला, बसायच्या जागी आणि मांड्यांच्या आतल्या बाजूला बधिरपणा आला, पायातली ताकद दिवसागणिक कमी होते. कण्याच्या तळाच्या नसांचा जुडगा दाबला गेल्याची ही लक्षणं असतात. तपास एमआरआयने होतो आणि इथे तासांचा हिशोब असतो. साधा फोटो काढून "नॉर्मल आहे" म्हणून घरी आलेला माणूस इथे सगळ्यात जास्त फसतो. हातातून वस्तू निसटणं, शर्टाची बटणं लावता न येणं, चालताना तोल जाणं हेही याच गटात धरा. ते मानेतल्या मज्जारज्जूवरच्या दाबाचं लक्षण असू शकतं, आणि अशा मानेला झटका देणं म्हणजे आगीशी खेळ.

दुसरा गट: आधी डॉक्टर, मग फोटो, आणि तोवर झटका नाही. या गटाला थोडा जास्त वेळ द्या.

पडणं किंवा अपघात. दुचाकी घसरली, जिन्यावरून पडलात, नारळाच्या झाडावरून कोणी खाली आलं. मानेच्या बाबतीत हॉस्पिटलात वापरला जाणारा कॅनेडियन सी-स्पाइन नियम लक्षात ठेवण्यासारखा आहे. अपघातानंतर मान दुखत असेल आणि वय ६५ किंवा त्याहून जास्त असेल, किंवा ३ फूट अथवा ५ पायऱ्यांवरून पडणं झालं असेल, किंवा हातापायांत मुंग्या येत असतील, तर तपासणीचा फोटो झालाच पाहिजे. मोठ्या हॉस्पिटलात अशा वेळी थेट सीटी स्कॅन करतात.

ठिसूळ हाडं. पाळी गेलेल्या बायका, सत्तरी ओलांडलेले पुरुष, आणि तीन महिन्यांहून जास्त काळ स्टिरॉइड घेतलेलं कोणीही. यांचा मणका पाण्याची बादली उचलतानाही दबून मोडू शकतो, पडण्याची गरज नसते. आजी म्हणतात "कंबरेत चमक भरली", आणि फोटोत मणका समोरून पाचरीसारखा चेपलेला दिसतो. हाडाची घनता मोजायला मात्र साधा एक्स-रे चालत नाही, त्यासाठी डेक्सा स्कॅन लागतो. हाडातलं ३० ते ५० टक्के खनिज गेल्याशिवाय साध्या फोटोत ठिसूळपणा नीट कळतही नाही.

संध्याकाळी येणारा बारीक ताप, वजन उतरणं, रात्री घाम, झोपूनही न थांबणारं दुखणं. आपल्याकडे ही खूण दिसली की मणक्याचा टीबी आठवायलाच हवा. खोकला नसतानाही मणक्यात टीबी असू शकतो. सुरुवातीला एक्स-रे चक्क नॉर्मल येतो, म्हणून संशय असेल तर डॉक्टर एमआरआय सांगतात. पोखरलेल्या मणक्याला झटका बसला तर काय होईल ते वेगळं सांगायला नको. पूर्वी कॅन्सर होऊन गेलेला असेल तर मागचे उपचार कितीही जुने असले तरी हीच वाट धरा.

चाळिशीच्या आतला तरुण, सकाळी उठल्यावर अर्ध्या तासाहून जास्त पाठ आखडलेली, हिंडल्या-फिरल्यावर मोकळी. हा अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस असू शकतो. इथे कमरेपेक्षा कण्याच्या तळाच्या हाडाच्या दोन्ही बाजूंना असलेल्या सॅक्रोइलियाक सांध्यांचा फोटो महत्त्वाचा. जुन्या आजारात मणके एकमेकांना जोडले जाऊन बांबूसारखे होतात आणि थोड्या जोरानेही मोडतात. आमवाताच्या म्हणजे ऱ्हुमेटॉइड आर्थ्रायटिसच्या जुन्या पेशंटला मानेचे पहिले दोन मणके सैल झालेले असू शकतात, म्हणून मान पुढे-मागे वाकवून वेगळे फोटो लागतात. ते तज्ज्ञाने सांगितल्यावरच आणि पेशंटने स्वतः, झेपेल तेवढंच वाकून काढायचे.

जोरात बोलिंग टाकणारा किंवा जिम्नॅस्टिक करणारा मुलगा मागे वाकला की कंबरेत दुखतं म्हणतो, तेव्हा मणक्याच्या मागच्या कमानीला बारीक तडा असण्याची शक्यता असते. साध्या फोटोत तो अनेकदा निसटतो.

तिसरा गट: वरचं काहीच नाही. वाकलात, उसण भरली, दोन आठवडे झाले, चालता येतं, ताप नाही. बहुतेक वाचक इथेच असतील. या गटाला एक्स-रे लागत नाही. अमेरिकन कायरोप्रॅक्टिक असोसिएशनने स्वतःच २०१७ साली आपल्या सभासदांना सांगितलं आहे की, धोक्याची खूण नसेल तर कंबरदुखी सुरू झाल्यापासून पहिले सहा आठवडे मणक्याचे फोटो काढू नका. उपचार विकणाऱ्यांच्याच संघटनेने हे म्हणावं, यातच काय ते आलं.

तपासा: कागदावर गट लिहिला का? औषधांची यादी, जुनी ऑपरेशनं, पडल्याची तारीख? हाच कागद पुढे दाखवायचा आहे.

## पायरी ३: तपासणी आधी, फोटो नंतर

कायरोप्रॅक्टर असो वा डॉक्टर, क्रम एकच. आधी विचारपूस, मग वाकवून-वळवून पाहणं, पाय सरळ उचलून पाहणं, गुडघ्या-घोट्याचे ठोके, बोटांची ताकद, सुईसारख्या टोकाने स्पर्श. यानंतर शंका उरली तर फोटो.

फोटो सांगितला तर एकच प्रश्न विचारा: "यात काय दिसलं तर तुम्ही उपचार बदलाल?" "फ्रॅक्चर दिसलं तर हात लावणार नाही, ऑर्थोपेडिककडे पाठवीन" हे उत्तर पटण्यासारखं आहे. "तुमचे मणके किती सरकलेत ते मोजू" हे नाही. फोटोवर रेघा ओढून, अंश मोजून, लाल पेनाने "इथे सरकलाय" दाखवण्याची पद्धत काही ठिकाणी आहे. त्या मोजमापांचा दुखण्याशी आणि बरं होण्याशी मेळ बसत नाही.

अमेरिकेत मुलाकडे गेलेल्या आई-वडिलांसाठी एक सूचना. तिथे बऱ्याच कायरोप्रॅक्टरच्या दवाखान्यातच मशीन असतं आणि पहिल्याच भेटीत मान ते माकडहाड फोटो काढण्याची काही ठिकाणी रीत असते. "डू आय नीड इट टुडे?" एवढं विचारण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. व्हिजिटर इन्शुरन्स हे पैसे देईल का तेही आधी पाहा.

## पायरी ४: जुने फोटो काढा

कपाटावरच्या पिशवीत, गादीखाली, कुठे असतील तिथून. दोन वर्षांपूर्वीचा कंबरेचा फोटो असेल आणि त्यानंतर पडणं, ताप, वजन उतरणं असं काही झालं नसेल, तर नवीन फोटो बहुधा काही नवीन सांगणार नाही. एमआरआय झालेला असेल तर नुसत्या दुखण्यासाठी एक्स-रेची गरज आणखी कमी. नवीन फोटो काढावाच लागला तरी जुना सोबत न्या. तुलनेला तोच उपयोगी पडतो, कारण चेपलेला मणका जुना की ताजा हे एका फोटोवरून सांगणं अवघड असतं.

मोबाइलवर खिडकीसमोर धरून काढलेला फिल्मचा फोटो कोणालाही दाखवून निदान मागू नका. बारीक तडा त्यात दिसत नाही.

## पायरी ५: चिठ्ठीवर काय हवं

बरीच सेंटरं डॉक्टरची चिठ्ठी मागतात आणि ते योग्यच आहे. चिठ्ठीवर चार गोष्टी स्पष्ट असाव्यात: कुठला भाग (मान, पाठीचा मधला भाग की कंबर), कोणत्या बाजूंनी (बहुतेकदा समोरून आणि बाजूने), उभं राहून की झोपून, आणि शंका काय आहे. चौथी गोष्ट लोक गाळतात. नुसतं "एलएस स्पाइन एपी लॅटरल" (कंबरेचे मणके, समोरून आणि बाजूने) लिहिलेल्या चिठ्ठीपेक्षा "वय ७२, स्टिरॉइड चालू, चार दिवसांपूर्वी घसरून पडल्या, फ्रॅक्चर आहे का" एवढं लिहिलेलं असेल तर रेडिओलॉजिस्ट नेमकं तेच शोधतो.

मणका मणक्यावर सरकलाय का, म्हणजे लिस्थेसिस आहे का, हे पाहायचं असेल तर उभ्याने काढलेला फोटो बरा. झोपल्यावर सरकलेला मणका थोडा जागेवर येऊ शकतो. फ्रॅक्चरची शंका असेल तर उभं करायचा हट्ट धरू नये.

"सगळ्या मणक्यांचा" फोटो मागू नका. छातीच्या एका फोटोला साधारण ०.१ मिलिसिव्हर्ट (हे किरणांचं माप) किरण लागतात, कंबरेच्या फोटोंना साधारण १.५, म्हणजे पंधरापट. निसर्गातून वर्षभरात माणसाला सरासरी २.४ मिळतात. हा आकडा घाबरण्याइतका नाही, पण उगाच वाढवण्यासारखाही नाही. तरुण मुलींच्या कंबरेच्या फोटोत अंडाशय किरणांच्या वाटेतच येतात, म्हणून तिथे हात जास्तच आखडता घ्यावा.

## पायरी ६: सेंटरवर जाताना

पाळी चुकली असेल किंवा दिवस असण्याची जराही शक्यता असेल तर खिडकीवरच सांगा, खोलीत जाऊन नाही. सासूबाई सोबत आहेत म्हणून गप्प बसणाऱ्या मुली पाहिल्या आहेत. तंत्रज्ञाला बाजूला बोलावून सांगितलं तरी चालतं.

धातू घरीच काढा. मंगळसूत्राच्या वाट्या नेमक्या पाठीच्या मणक्यांवर येतात. साडीच्या खांद्यावरची पिन, ब्लाउजचे आणि आतल्या कपड्याचे हूक, सोनसाखळी, तावीज, परकराच्या नाडीत अडकवलेली किल्ली, खिशातली नाणी. आणि करदोटा! चांदीचा असेल तर कंबरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यावर पांढरी रेघ उमटते आणि फोटो पुन्हा काढावा लागतो, म्हणजे किरण दुप्पट. पुरुष तो सांगायला विसरतात, कारण अंगावर आहे हेच त्यांना जाणवत नाही. मानेच्या फोटोआधी कानातलं, केसातल्या पिना, काढता येणारी कवळी काढा. कमरेचा पट्टा आणि बाम लावलेली पट्टीही उतरवा.

सैल सुती कपडे घाला. काही सेंटरं कंबरेच्या फोटोआधी पोट साफ करायला सांगतात. तसं सांगितलं असेल तरच जुलाबाची गोळी घ्या, मनाने नाही.

तपासा: भारतात एक्स-रे मशीनला अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना लागतो. कायरोप्रॅक्टरच्या दवाखान्यातच मशीन असेल तर परवाना पाहायला मागा. भिंतीवर किरणोत्साराचं चिन्ह, दारावर लाल दिवा, आणि मशीन चालवणाऱ्याच्या छातीवर किरण मोजणारा बॅज या दिसणाऱ्या खुणा आहेत.

## पायरी ७: फोटो काढताना

सांगितलेल्या जागी उभे राहा, "श्वास धरा" म्हटलं की धरा, हलू नका. एवढंच तुमचं काम. सोबतच्या माणसाने बाहेर थांबायचं. लहान मूल किंवा थरथरणारे आजोबा धरायला कोणी आत राहणार असेल तर त्याने शिशाचा एप्रन घालायचा, आणि गर्भवतीने हे काम करायचं नाही.

मानेच्या बाजूच्या फोटोत हनुवटी कुठे आहे याला फार महत्त्व आहे. ती जरा खाली गेली की मानेची नैसर्गिक कमान फोटोत सरळ दिसते. पुढे रिपोर्टमध्ये "कर्व्ह गेला" असं येतं आणि त्यावर महिनोन्महिन्यांचे उपचार विकले जातात. म्हणून समोर, डोळ्यांच्या रेषेत बघा आणि खांदे सैल सोडा. दुखण्याने मान आखडली असेल तर ती सरळ दिसणारच, हेही तंत्रज्ञाला सांगा.

फिल्म किंवा सीडी हातात आली की निघण्याआधी नाव, वय, तारीख आणि उजव्या-डाव्या बाजूची खूण पाहा. सीडी किंवा लिंक मागून घ्या.

## पायरी ८: रिपोर्ट वाचताना

आधी रेडिओलॉजिस्टचा छापील रिपोर्ट, मग बाकी कोणाचं बोलणं. सर्वांत जास्त घबराट पसरवणारे शब्द हे:

- डिस्क स्पेस रिड्यूस्ड: यालाच लोक "गॅप आला" म्हणतात. खरं तर गॅप कमी झालेला असतो. वय वाढलं की बहुतेकांचा होतो.
- ऑस्टिओफाइट: मणक्याच्या कडेला वाढलेलं हाड. पन्नाशीनंतर सर्रास दिसतं.
- लॉस ऑफ लॉर्डोसिस: कमान सरळ दिसते. हनुवटीबद्दल वर लिहिलंच आहे.
- सॅक्रलायझेशन, स्पायना बायफिडा ऑकल्टा: जन्मापासूनची ठेवण. बहुतेकदा त्रासाशी संबंध नसतो.
- स्पॉन्डिलोलिस्थेसिस, ग्रेड वन: मणका थोडा पुढे सरकलेला. घाबरू नका, पण झटका देणाऱ्याला हे माहीत असायलाच हवं.
- वेज कॉम्प्रेशन, लिटिक लीजन, एंडप्लेट इरोजन, पॅराव्हर्टिब्रल शॅडो: हाड चेपलंय, पोखरलंय किंवा मणक्याशेजारी सूज आहे असं सुचवणारे शब्द. यांतला एकही असेल तर कायरोप्रॅक्टरची अपॉइंटमेंट रद्द करा आणि डॉक्टरकडे जा.

२०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यात काहीही दुखत नसलेल्या लोकांचे सीटी आणि एमआरआय एकत्र पाहिले होते. विशीतल्या ३७ टक्के आणि ऐंशीतल्या ९६ टक्के लोकांच्या गाद्या झिजलेल्या निघाल्या. म्हणजे फोटोत झीज दिसली याचा अर्थ दुखण्याचं कारण सापडलं असा होत नाही.

थांबा: मानेचा एक्स-रे नॉर्मल आला म्हणून मान मुरडायला परवानगी मिळाली असं नाही. मानेतून मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या फोटोत दिसत नाहीत. पूर्वी कधी नव्हती अशी अचानक, तीव्र मानदुखी किंवा डोकेदुखी, चक्कर, एकाचे दोन दिसणं, बोलताना जीभ अडखळणं, गिळताना त्रास, यांतलं काही असेल तर मानेला हात लावू देऊ नका.

## पायरी ९: परत गेल्यावर

रिपोर्ट समोर ठेवा, पायरी २ मधला कागद ठेवा, आणि काय करणार ते शब्दांत सांगायला लावा. "कडकड" आवाज आला म्हणजे मणका बसला असं नाही, तो सांध्यातल्या वायूचा आवाज असतो. झटक्याशिवाय हलक्या हाताने, व्यायामाने उपचार करता येतात, तो पर्याय मागता येतो.

महिन्याभराने "किती सुधारणा झाली ते बघू" म्हणून पुन्हा फोटो सांगितला तर नाही म्हणा. प्रगती पाहण्यासाठी पुन्हा फोटो काढू नयेत हेही अमेरिकन कायरोप्रॅक्टिक असोसिएशनच्या त्याच २०१७ च्या सूचनांत आहे. सुधारणा मोजायची तर किती वेळ बसता येतं, किती चालता येतं, रात्री झोप लागते का, हे मोजा.

वाढत्या वयातल्या मुलांचा पाठीचा एका बाजूला झुकणारा बाक म्हणजे स्कोलिओसिस मात्र अपवाद आहे. तिथे उभ्याने संपूर्ण कण्याचा फोटो काढून कॉबचा कोन, म्हणजे बाक किती अंशांचा आहे ते, मोजतात. १० अंशांच्या पुढे स्कोलिओसिस म्हणतात आणि मोजण्यातच ५ अंश इकडे-तिकडे होऊ शकतात. मूल वाढत असेतो ठराविक महिन्यांनी फोटो लागतो, पण ते वेळापत्रक ऑर्थोपेडिक सर्जनने ठरवायचं. मुलींचा हा फोटो पाठीमागून काढतात, म्हणजे छातीला किरण कमी लागतात. तसं करायला सांगा. "१६ अंशांचे १३ करून दाखवले" असं कोणी म्हणालं, तर वरचे ५ अंश आठवा.

झटका घेतल्यानंतर दोन दिवस अंग दुखणं नेहमीचं आहे. त्यापलीकडे पायात नवीन बधिरपणा, लघवीचा त्रास, किंवा मानेला झटका दिल्यावर चक्कर, तोंड वाकडं होणं, बोलणं अडखळणं असं काही झालं, तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत जा. जाताना फोटो आणि रिपोर्ट घ्या, आणि झटका कुठल्या बाजूला, किती वाजता दिला ते कागदावर लिहून न्या. मानेच्या रक्तवाहिन्यांची अँजिओग्राफी करायची का, हे ठरवताना तिथला डॉक्टर पहिल्यांदा तेच विचारेल.